कमाटीबागेतली बॅटरी आणि माईंचं सर्टिफिकेट



मागे मी दांडिया बाजारातल्या वाड्यांबद्दल लिहिलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांनी "आप्पा, आता बँकेतल्या आठवणी लिहा" असं कळवलं. बँकेतल्या गमतीजमती पुष्कळ आहेत, त्या सावकाश लिहीन. आज गंमत नाही. तीस वर्षं मनात ठेवलेली एक गोष्ट आहे, आणि ती बाहेर यायला कारण झाली एक बॅटरीची कंपनी.

आमचा कमाटीबागेत सकाळचा कट्टा आहे. साडेसहाला फिरणं, सातला फुलांच्या घड्याळाजवळच्या बाकांवर बैठक, आणि मग काळ्या घोड्यापाशी चहा. सात-आठ जण. एक फर्टिलायझरमधून निवृत्त झालेले केमिकल इंजिनिअर, एक शाळेचे मास्तर, एक वहिनी (यांचे यजमान रेल्वेत होते, पण शेअरचं सगळं ह्याच बघतात), एक गुजराती भाई, जे माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. आणि सगळ्यांत तरुण म्हणजे छप्पन्न वर्षांचा, आमच्या जुन्या वाड्यातल्या माईंचा धाकटा मुलगा. त्याचं नाव लिहीत नाही. तोही हे वाचेल. त्याला विचारूनच लिहितो आहे.

गेल्या हिवाळ्यात कट्ट्यावर राजकारण बंद झालं आणि बॅटरी सुरू झाली. कुठल्याशा कंपनीने सोडियमची बॅटरी काढणार म्हणून जाहीर केलं होतं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला तिची ना जाहिरात करायची आहे ना बदनामी. भाव तीन महिन्यांत दुप्पट झाला होता. गुजराती भाईंनी सर्वांत आधी घेतले, मग वहिनींनी. त्यानंतर रोज सकाळी तोच विषय.

भाईंचं म्हणणं सरळ होतं. "लिथियम बाहेरून आणावं लागतं. मीठ आपल्या गुजरातेत ढिगाने. मिठावर चालणारी बॅटरी म्हणजे आपलीच ना?"

आमचे इंजिनिअर हसायचे. ते म्हणायचे, "अहो, मीठ टाकलं की बॅटरी होत नाही. पण गोष्ट खोटी नाही. सोडियम स्वस्त आहे, मुबलक आहे. लिथियमच्या सेलमध्ये एका बाजूला तांब्याची फॉइल लागते, सोडियमच्या सेलला दोन्ही बाजूंना ॲल्युमिनिअम चालतं, म्हणजे तिथेही पैसे वाचतात. मात्र सोडियमचा अणू मोठा आणि जड. तेवढीच वीज साठवायला बॅटरी वजनदार होते. लांब पल्ल्याच्या मोटारीला ते अडचणीचं, पण सोलरची वीज साठवायला किंवा रिक्षाला काय हरकत आहे?"

वहिनींनी वर्तमानपत्राची कात्रणं एका फाइलीत लावली होती. केंद्र सरकारने २०२१ साली बॅटरी सेल देशात बनवण्यासाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर केली, त्याचं कात्रण सगळ्यांत वर. "सरकार मागे आहे म्हटल्यावर हे क्षेत्र वाढणारच," त्या म्हणायच्या. मास्तरांचा मात्र विरोध. "चीनवाले रोज भाव पाडतायत, त्यांच्यासमोर आपला काय निभाव लागणार?" एवढ्यावर दोघांचं जुंपायचं, आणि चहा थंड व्हायचा.

या सगळ्यात मी गप्प. कधीतरी कोणीतरी म्हणायचंच, "आप्पा, तुम्ही अडतीस वर्षं बँकेत काढलीत. तुम्ही सांगा ना, घ्यावेत का?" मी "मला शेअरमधलं काही कळत नाही बुवा" म्हणून विषय टाळायचो. ते खरं नव्हतं. एम. एस. युनिव्हर्सिटीचा १९७१ चा बी.कॉम. आहे मी, लोकांच्या बॅलन्सशीट वाचूनच पगार घेतला. गप्प बसायचं कारण वेगळं होतं, आणि ते कारण माझ्या शेजारच्याच बाकावर बसलेलं असायचं.

आता १९९५ मध्ये चला.

तेव्हा मी रावपुऱ्याजवळच्या एका शाखेत ऑफिसर होतो. १९९२ साली सरकारने कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजचं कार्यालय बंद केलं, त्यानंतर ज्याला त्याला पब्लिक इश्यू काढायला रान मोकळं झालं. ज्यांनी ती वर्षं पाहिली त्यांना आठवत असेल. सयाजीगंजपासून मांडवीपर्यंत ब्रोकरांची टेबलं फुटपाथवर, गुलाबी-पिवळ्या फॉर्मचे गठ्ठे, पानाच्या गल्ल्यावरसुद्धा फॉर्म मिळत. बडोद्याचं स्वतःचं शेअरबाजार होतं तेव्हा. झिंगा पाळणाऱ्या कंपन्या, ग्रॅनाइटच्या कंपन्या, गुलाबाची फुलं परदेशी पाठवणाऱ्या कंपन्या, सागाची झाडं लावणाऱ्या कंपन्या, काय वाट्टेल ते.

आमची शाखा अशा बऱ्याच इश्यूंचे अर्ज घ्यायची. बँकेचं काम एवढंच की अर्ज आणि चेक घ्यायचे, पावतीवर शिक्का मारायचा, पैसे कंपनीच्या खात्यात जमा करायचे. कंपनी बरी की वाईट हे तपासणं हे आमचं काम नव्हतं. आम्हाला ते माहीत होतं. काउंटरपलीकडच्या माणसाला माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसायचं की बँकेत फॉर्म घेतायत, बँकेचा गोल शिक्का बसतोय, म्हणजे बँकेने बघूनच घेतलं असणार.

माई आमच्या वाड्यात समोरच्या खोल्यांत राहायच्या. यजमान लवकर गेले, फॅमिली पेन्शनवर दोन मुलं वाढवली. माझ्या आईच्या आजारपणात चार महिने त्यांनी आमच्याकडे दोन वेळचं बघितलं होतं. त्यांची इंदिरा विकास पत्रं पिकली होती, पाच हजारांचे दहा हजार झाले होते. एका दुपारी त्या शाखेत आल्या, हातात टिश्यू कल्चरच्या कंपनीचा फॉर्म. केळीची रोपं प्रयोगशाळेत तयार करून शेतकऱ्यांना विकणार, असा धंदा.

मला आठवतं, रांग दारापर्यंत होती आणि मी घाईत होतो. त्या म्हणाल्या, "अरे आप्पा, हे बरं आहे ना रे? धाकट्याच्या लग्नाला उपयोगी पडतील."

मी म्हणालो, "माई, बँकेत येतंय म्हणजे काही वाईट नसणार. भरा."

बस्स, एवढंच. दोन वाक्यं. शिक्का मारून पावती त्यांच्या हातात दिली. दहा रुपयांचे एक हजार शेअर, अर्जासोबत पाच रुपये, ॲलॉटमेंटनंतर पाच. आणि मंडळी, त्या इश्यूचा एकही फॉर्म मी स्वतः भरला नव्हता. माझ्या हातात प्रॉस्पेक्टस होतं. प्रवर्तकांना या धंद्याचा अनुभव नाही हे त्यात बारीक अक्षरांत छापलेलं मी वाचलं होतं.

शेअर लिस्ट झाला तो सातला. माईंनी जिन्यात विचारलं, "विकू का?" मी म्हणालो, "शेअरमध्ये जरा थांबावं लागतं, माई." त्या थांबल्या. एक वार्षिक अहवाल आला. दुसऱ्या वर्षी आला नाही. त्यानंतर पाठवलेलं पत्र "या पत्त्यावर कोणी नाही" म्हणून परत आलं. देशभर अशा इतक्या कंपन्या गायब झाल्या की पुढे १९९९ साली सरकारला त्यांचा शोध घ्यायला समिती नेमावी लागली. माईंचे दहा हजार गेले ते गेलेच.

त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. २००८ साली त्या गेल्या. मुलाच्या लग्नात मी आहेर जरा जास्तच केला होता, त्याचं कारण बायकोलाही सांगितलं नाही.

आता गंमत बघा. टिश्यू कल्चर हा काही फसवा धंदा नव्हता. आज भरूचकडे जा, नर्मदेकाठी जा, जळगावला जा, केळीची लागवड मोठ्या प्रमाणावर टिश्यू कल्चरच्या रोपांनीच होते. त्या फॉर्मवर लिहिलेलं भविष्य खरं ठरलं. फक्त ते त्या कंपनीने घडवलं नाही, आणि माईंना त्यातला एक रुपया मिळाला नाही.

हेच पुन्हा मी अमेरिकेत पाहिलं. निवृत्तीनंतर २०११ साली मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मिशिगनला गेलो होतो. जावई मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत. शनिवारी मराठी मंडळी कोणाच्या तरी घरी जमायची, आणि हातात पावभाजीच्या प्लेटा घेऊन पुरुष मंडळी एकाच विषयावर बोलायची, ए१२३ सिस्टिम्स. तिचा बॅटरीचा कारखाना तिथून जवळच लिव्होनियाला आदल्याच वर्षी सुरू झाला होता.

जावयाने मला समजावून सांगितलं होतं. लोह आणि फॉस्फेट वापरून केलेली लिथियम बॅटरी. हिचं मूळ संशोधन टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत झालं, त्यांचा निबंध १९९७ साली छापला गेला. (या गुडइनफना २०१९ साली नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.) या बॅटरीत महाग कोबाल्ट नाही, निकेल नाही, आणि ती सहजी पेट घेत नाही. एमआयटीमधल्या संशोधनातून ए१२३ निघाली, २००९ साली तिचा इश्यू साडेतेरा डॉलरला आला, आणि पहिल्याच दिवशी भाव पन्नास टक्क्यांनी वर. अमेरिकन सरकारने जवळजवळ २५ कोटी डॉलरचं अनुदान दिलं होतं.

मी गेलो तेव्हा भाव इश्यूच्या निम्म्याहून खाली आला होता, तरी वाद चालूच. एक जण म्हणायचा, सरकारचा एवढा पैसा अडकलाय, बुडू देतील का? दुसरा म्हणायचा, अहो पण इलेक्ट्रिक मोटारी विकल्या कुठे जातायत? जावई इंजिनिअर, तो म्हणाला, "बाबा, सेल चांगला आहे यात मला शंका नाही. हिशेब तेवढा कळत नाही." त्याने शेअर घेतले नाहीत.

पुढचं सगळं पेपरांत आलंच. मार्च २०१२ मध्ये मिशिगनच्या कारखान्यातले काही सेल सदोष निघाले, ते बदलून द्यायला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास खर्च येणार होता. मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक नवी मोटार कंपनी, तीच अडचणीत. ऑक्टोबर २०१२ मध्ये ए१२३ ने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचा बहुतेक धंदा चीनच्या वानशियांगने विकत घेतला. आणि ती लोह-फॉस्फेटची बॅटरी? ती आज जगभर चालते आहे. चीनच्या मोटारी, आपल्याकडच्या कितीतरी बस आणि मोटारी तिच्यावर धावतात. त्या पॉटलकमधल्या मंडळींनी बॅटरीबद्दल बांधलेला अंदाज चुकला नव्हता. तंत्र जिंकलं, भागधारक गेला.

हे सगळं डोक्यात असूनही मी कमाटीबागेत गप्प बसत होतो. एका सकाळी चहाच्या वेळी माईंच्या मुलाने मला बाजूला घेतलं. दांडिया बाजारातला आमचा वाडा विकला गेला हे तुम्हाला माहीत आहेच. त्याच्या हिश्शाचे अठरा लाख आले होते. त्याची नोकरी तीन वर्षांपूर्वी कंपनी बंद झाल्यामुळे गेलेली, मुलगी पुण्यात शिकते आहे. तो म्हणाला, "आप्पाकाका, दहा लाख त्या बॅटरीत टाकतो म्हणतोय. दोन वर्षांत दुप्पट झाले तर पोरीची फी सुटेल. तुम्ही हो म्हणालात की टाकतो."

तीस वर्षांनी तोच प्रश्न. फक्त या वेळी मागे रांग नव्हती, आणि मला घाईही नव्हती.

त्या दिवशी मी घरी येऊन कंपनीचे तीन वर्षांचे अहवाल काढले. नातवाने डाउनलोड करून दिले. जुन्या सवयीने ताव घेऊन बसलो. कर्जाची फाइल वाचायचो तसं वाचलं. संध्याकाळी ताव घेऊन त्याच्या मांजलपूरच्या फ्लॅटवर गेलो.

म्हटलं, "हे बघ, बॅटरी चालेल की नाही हे मी सांगू शकत नाही. आपले इंजिनिअर म्हणतात चालेल, ते हुशार आहेत. पण कर्ज देताना मी विचारायचो ते प्रश्न वेगळे आहेत. पहिला प्रश्न, प्रयोगशाळेत दहा सेल केले, पण कारखान्यात रोज हजारो सारखे सेल निघतात का, आणि शंभरातले किती पास होतात? अहवालात याचं उत्तर नाही. कारखान्याचा फोटो आहे, आकडा नाही. दुसरा, गिऱ्हाईक कोण? सामंजस्य करार चार आहेत, पक्की ऑर्डर एकही नाही. तिसरा, रोख शिल्लक किती महिने पुरेल? माझ्या हिशेबाने चौदा. म्हणजे त्याआधी नवे शेअर काढावे लागणार, आणि तुझा हिस्सा तेवढा पातळ होणार. चौथा, सोडियमची खरी स्पर्धा लिथियमच्या भावाशी आहे. २०२२ मध्ये लिथियम भडकलं तेव्हा सोडियमचा सगळीकडे गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी लिथियमचा भाव कोसळला, मग सोडियमचा स्वस्तपणा उरला किती?"

तो नीट ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे नको?"

मी म्हटलं, "थांब. हो-नाही सांगायच्या आधी मला तुला एक सांगायचं आहे." आणि मग सांगितलं सगळं. रांग, फॉर्म, ती दोन वाक्यं, जिन्यातलं बोलणं. प्रॉस्पेक्टस वाचलं होतं हेही. स्वतः एकही फॉर्म भरला नव्हता हेही.

तो काही बोलला नाही. आत गेला आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. वाडा रिकामा करताना माईंच्या ट्रंकेत सापडलेली. आत रेशमी खणात गुंडाळलेलं ते सर्टिफिकेट, एक हजार शेअर, कंपनीचा शिक्का, कोपऱ्यात केळीच्या झाडाचं चित्र. आणि सोबत टाचणी लावलेली आमच्या शाखेची पावती. शिक्क्यावर माझी सही.

"आईने मला एकदा दाखवलं होतं," तो म्हणाला. "मी तेव्हा चिडलो होतो. तर म्हणाली, आप्पाजवळ हा विषय काढू नकोस हं, त्याला उगाच वाईट वाटेल."

मंडळी, मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही. त्याच्या बायकोने चहा टाकला, तो प्यायलो आणि घरी आलो.

शेवटी त्याने काय केलं तेही सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये विचारालच. नऊ लाख त्याने मुलीच्या फीच्या तारखा बघून मुदत ठेवीत टाकले. एक लाखाचे शेअर घेतले. "हे गेले तर गेले, पण कट्ट्यावर बोलायला तरी हवं ना," म्हणाला. उरलेल्या आठांना त्याने हातच लावला नव्हता.

आणि त्या दिवसापासून भाव आणखी तीस टक्के वर गेला आहे! भाई रोज सकाळी मला ऐकवतात, "आप्पा, तुमच्यामुळे पोराचं तीन लाखांचं नुकसान झालं." मी म्हणतो, "झालं असेल." वहिनींनी निम्मे विकून मुद्दल काढून घेतलं, त्या खऱ्या शहाण्या. इंजिनिअर आणि मास्तर यांचा वाद अजून चालू आहे. कंपनी तरेल की बुडेल, मला माहीत नाही. तरली तर मला आनंदच आहे, भाईंचा चहा पिऊ. पण आता कोणी विचारलं तर मी गप्प बसत नाही. प्रश्न चारही सांगतो, आणि शेवटी हेही सांगतो की माझे स्वतःचे पैसे त्यात आहेत की नाहीत. नाहीत.

ते सर्टिफिकेट त्याने मला ठेवायला दिलं आहे. माझ्या कपाटात पासबुकांच्या खाली, त्याच खणात आहे.

तुमच्या घरी, आईच्या किंवा आजीच्या ट्रंकेत असं एखादं सर्टिफिकेट आहे का? असेल तर फोटो जरूर टाका. आणि ते घ्यायला कोणी सांगितलं होतं हे आठवत असेल, तर तेही लिहा. नाव नको, नुसती हकिगत लिहा.